ड्यूक की चॅपेल हिल, टेक की जॉर्जिया? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हाडवैरी विद्यापीठांचं रँकिंग वाचायचं कसं

सप्टेंबरात यूएस न्यूज या अमेरिकी प्रकाशनाची विद्यापीठांच्या क्रमांकांची नवी यादी लागली की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत फुटबॉलच्या जोडीने क्रमांकांवरूनही वाजायला लागतं. ड्यूक वर की चॅपेल हिलचं यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना), जॉर्जिया टेक वर की अथेन्सचं युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया, ऑस्टिनचं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास की टेक्सास ए अँड एम, अलाबामा की ऑबर्न. ही भांडणं त्यांच्या घरची आणि फार जुनी. पण तीच यादी समोर धरून पुण्या-नाशिकची मुलं एमएसच्या ॲप्लिकेशनचे पैसे भरतात, आणि तिकडच्या केरी, फ्रिस्को, अल्फारेटाच्या मराठी घरांत मुलं शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली की जेवताना तोच विषय निघतो.

या जोड्यांतली बहुतेक विद्यापीठं मुळात वेगवेगळ्या कामांसाठी काढली गेली. तेव्हा आधी कोण कशासाठी निघालं ते पाहायचं, मग विभाग, मग पैसे, आणि क्रमांक सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. पहिली पायरी मुद्दाम लांब आहे, कारण निम्मं काम तिथेच उरकतं.

पायरी १: जोडीतलं कोण कशासाठी निघालं ते शोधा

नॉर्थ कॅरोलायनापासून सुरुवात करू. चॅपेल हिलच्या यूएनसीची सनद १७८९ची, वर्ग १७९५मध्ये सुरू झाले. तिथे कायदा, वैद्यक, सार्वजनिक आरोग्य, मानव्यविद्या हे सगळं उत्तम. पण १८६२च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना शेती आणि यांत्रिकी शिक्षणासाठी जमिनी दिल्या, आणि पुढे १८८७मध्ये त्या कामासाठी रॉली इथे वेगळं कॉलेज निघालं. तेच आजचं एनसी स्टेट. परिणाम आजही दिसतो: यूएनसी यूएस न्यूजच्या यादीत एनसी स्टेटच्या बरंच वर असतं, पण तिथे मेकॅनिकल किंवा सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवीच नाही. बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे, तेही एनसी स्टेटबरोबर संयुक्त विभाग म्हणून. मेकॅनिकलवाल्याने यूएनसीचा क्रमांक पाहून हुरळून जायचं काही कारण नाही.

त्याच परिसरातलं ड्यूक खाजगी आहे. चॅपेल हिलपासून सुमारे दहा मैलांवर. ट्रिनिटी कॉलेज नावाची संस्था होती, तिला तंबाखू आणि विजेच्या धंद्यात गब्बर झालेल्या जेम्स ड्यूक यांनी १९२४ साली चार कोटी डॉलरचा न्यास करून दिला आणि नाव बदललं. बास्केटबॉलमधलं ड्यूक-यूएनसी वैर जगप्रसिद्ध आहे. पण इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी खरी तुलना ड्यूक आणि एनसी स्टेट यांच्यात होते, आणि तिथे फीचा फरक इतका मोठा आहे की क्रमांकाकडे बघायची वेळच येत नाही.

जॉर्जियात तर सरळ वाटणीच झाली. अथेन्सच्या विद्यापीठाची सनद १७८५ची, टेकची स्थापना १८८५ची. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्याच्या बोर्ड ऑफ रीजंट्सने इंजिनिअरिंग टेककडे दिलं आणि टेकचं कॉमर्स अथेन्सकडे नेलं. अथेन्सला स्वतःचं इंजिनिअरिंग कॉलेज मिळायला २०१२ साल उजाडलं. उलट बाजूने टेककडे मेडिकल नाही, लॉ नाही, पशुवैद्यक नाही. मेडिकल आहे अटलांटातच असलेल्या खाजगी एमरीकडे, आणि एमरीकडे इंजिनिअरिंग नाही. मग दोघांनी १९९७मध्ये बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा संयुक्त विभाग काढला. आज तो देशातल्या पहिल्या काही विभागांत धरला जातो. सरकारी आणि खाजगी अशा दोन संस्था मिळून एकच विभाग चालवतात, आणि एकूण यादीत त्या वेगवेगळ्या क्रमांकांवर बसतात. ती यादी या विभागाबद्दल काय सांगणार?

टेक्सासचं गणित वेगळं. ए अँड एम १८७६मध्ये सुरू झालं, ऑस्टिन १८८३मध्ये, आणि इंजिनिअरिंग दोघांकडेही तगडं आहे. इथे तुलना खरोखर जवळची. दोघांच्या श्रीमंतीचा उगमही एकच: पश्चिम टेक्सासातली सुमारे २१ लाख एकर ओसाड जमीन. ती विद्यापीठांच्या नावे ठेवली होती, आणि १९२३ साली सांता रीटा नावाच्या विहिरीला तेल लागलं. त्या फंडाचं उत्पन्न दोन-तृतीयांश टेक्सास विद्यापीठांच्या समूहाला आणि एक-तृतीयांश ए अँड एम समूहाला जातं. पेट्रोलियम इंजिनिअरिंगमध्ये हे दोघे वर्षानुवर्षं देशात अव्वल मानले जातात, यात नवल नाही.

बाकीच्या जोड्या झटपट. साउथ कॅरोलायनात कोलंबियाचं विद्यापीठ आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या अभ्यासक्रमासाठी ओळखलं जातं. क्लेमसन १८८९मध्ये शेती-तंत्रशिक्षणासाठी निघालं, त्याचा ग्रीनव्हिलमधला वाहन अभियांत्रिकीचा कॅम्पस बीएमडब्ल्यूच्या कारखान्यापासून फार लांब नाही. व्हर्जिनियात यूव्हीए (युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया) आणि व्हर्जिनिया टेक यांच्यात जवळपास तोच प्रकार. अलाबामात अलाबामा आणि ऑबर्न एकमेकांच्या नावाने ओरडत बसतात, आणि वैद्यकीय संशोधनाचा पैसा मात्र बर्मिंगहॅमचं यूएबी घेऊन जातं, ज्याचं नाव फुटबॉलच्या गप्पांत फारसं निघत नाही. फ्लोरिडा, टेनेसी, लुइझियाना यांनी सर्वसाधारण विद्यापीठ आणि शेती-तंत्रशिक्षण ही दोन्ही कामं एकाच विद्यापीठाकडे ठेवली. त्यामुळे गेन्सव्हिलचं यूएफ (युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा) आणि टॅलाहासीचं एफएसयू (फ्लोरिडा स्टेट) यांची तुलना एकतर्फी वाटते. पण चुंबकीय क्षेत्रावरच्या भौतिकशास्त्रात शिरायचं असेल तर देशाची राष्ट्रीय प्रयोगशाळा टॅलाहासीत आहे. १९९०मध्ये एमआयटीला मागे टाकून एफएसयूने ती मिळवली, आणि त्या प्रस्तावात हाडवैरी यूएफ भागीदार होतं.

या इतिहासाची एक कुरूप बाजूही आहे. १८९०च्या दुसऱ्या मॉरिल कायद्यानंतर अनेक दक्षिणी राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळी कॉलेजं चालवली, कारण मुख्य विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती. अथेन्सने १९६१मध्ये, मिसिसिपीने १९६२मध्ये, अलाबामाने १९६३मध्ये ती उघडली, तीही कोर्टाच्या हुकमामुळे. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी किंवा फ्लोरिडा ए अँड एम यांना अनेक दशकं पैसा आणि नाव दोन्ही कमी मिळालं, आणि नावलौकिकाच्या पाहणीत तो फरक झिरपत राहतो. ए अँड टीमधून बाहेर पडणारे इंजिनिअर मोठ्या कंपन्यांना चांगले ठाऊक आहेत. आपल्याकडच्या कन्सल्टंटच्या यादीत मात्र ते नाव सहसा नसतं.

पायरी २: दोन्ही नावं एकाच यादीतली आहेत का?

यूएस न्यूज राष्ट्रीय विद्यापीठं, लिबरल आर्ट्स कॉलेजं आणि प्रादेशिक संस्था यांच्या वेगळ्या याद्या करतं. प्रादेशिक यादीत दक्षिण विभाग स्वतंत्र. डेव्हिडसन किंवा वॉशिंग्टन अँड ली लिबरल आर्ट्सच्या यादीत असतात. त्यांचा क्रमांक व्हँडरबिल्टच्या क्रमांकाशेजारी ठेवून काही कळत नाही. "दक्षिणेत पहिलं" अशी जाहिरात दिसली की कोणत्या यादीत ते आधी विचारा.

पायरी ३: क्रमांक हलला तर विद्यापीठ हललं की सूत्र?

२०२३ साली यूएस न्यूजने सूत्र मोठ्या प्रमाणावर बदललं. वर्गातली विद्यार्थिसंख्या, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, सर्वोच्च पदवी असलेल्या प्राध्यापकांचं प्रमाण हे निकष गेले. कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं किती पदवीधर होतात याचं वजन वाढलं. छोट्या वर्गांवर आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांवर उभ्या असलेल्या दक्षिणेतल्या खाजगी विद्यापीठांना लगेच झळ बसली. वेक फॉरेस्ट २९वरून ४७वर गेलं, टुलेन ४४वरून ७३वर, व्हँडरबिल्ट १३वरून १८वर. सरकारी विद्यापीठं वर सरकली: टेक्सास ए अँड एम ६७वरून ४७वर, व्हर्जिनिया टेक ६२वरून ४७वर. म्हणजे वेक फॉरेस्ट, ए अँड एम आणि व्हर्जिनिया टेक एकाच क्रमांकावर!

त्या उन्हाळ्यात वेक फॉरेस्टचे वर्ग मोठे झाले नव्हते आणि ए अँड एमच्या गावात, कॉलेज स्टेशनमध्ये, नवे नोबेलवाले उगवले नव्हते. म्हणून एखाद्या वर्षाची उडी पाहू नका. निवडलेल्या विद्यापीठांचे पाच-सहा वर्षांचे क्रमांक ओळीने लिहा आणि २०२३च्या जागी उभी रेघ मारा. रेघेच्या एकाच बाजूला सतत चढण किंवा उतार दिसला तरच त्याचा विचार करा.

दुसरी गोष्ट, आकडे विद्यापीठंच पाठवतात. एमरीने २०१२मध्ये स्वतः कबूल केलं की दहा वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष दाखल झालेल्या विद्यार्थ्यांऐवजी प्रवेश मिळालेल्या सगळ्यांचे एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण कळवले जात होते. प्रवेश मिळालेली हुशार मुलं बऱ्याचदा दुसरीकडे जातात, त्यामुळे सरासरी फुगते. त्याच सुमारास टुलेनच्या बिझनेस स्कूलनेही एमबीएची चुकीची माहिती दिल्याचं मान्य केलं.

पायरी ४: नावलौकिकाचा आकडा कोण देतं ते समजून घ्या

यूएस न्यूजच्या सूत्रात २० टक्के वजन सहकाऱ्यांच्या मताला आहे. विद्यापीठांचे अध्यक्ष, प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचे प्रमुख) आणि प्रवेश विभागाचे प्रमुख बाकीच्या शेकडो संस्थांना १ ते ५ गुण देतात. यातल्या किती संस्था त्यांनी आतून पाहिलेल्या असतील?

शिवाय भाऊबंदकी आहेच. २००९मध्ये गेन्सव्हिलच्या स्थानिक वर्तमानपत्राने माहितीच्या कायद्याखाली या पाहणीचे फॉर्म मिळवले. यूएफचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नी माचेन यांनी आपल्या विद्यापीठाला हार्वर्डच्या पंक्तीत बसवलं होतं आणि फ्लोरिडातल्या इतर सरकारी विद्यापीठांना बरंच खाली. त्याच वर्षी क्लेमसनच्या एका अधिकारी बाईंनी परिषदेत सांगितलं की, आपली संस्था वर दिसावी म्हणून इतरांना कमी गुण दिले जातात. क्लेमसनने ते अमान्य केलं. पण अध्यक्षांच्या फॉर्ममध्ये क्लेमसन इतर सगळ्यांच्या वर होतं, हेही बाहेर आलं.

उलटी गोष्टही घडते: नावाला धक्का बसावा असं घडतं आणि क्रमांक ढिम्म हलत नाही. चॅपेल हिलमध्ये १८ वर्षं एका विभागात असे वर्ग दाखवले गेले जे कधी भरलेच नाहीत. एक निबंध दिला की भरघोस गुण. २०१४च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३,१००हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले, आणि त्यांत खेळाडूंचं प्रमाण खूप मोठं होतं. मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१५मध्ये यूएनसीला वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं. यूएस न्यूजमध्ये या सगळ्या काळात यूएनसी तिसाच्या आसपासच राहिलं. म्हणून मान्यतेची स्थिती वेगळी तपासायची. दक्षिणेतल्या बहुतेक संस्थांसाठी ती साकस्कॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते.

परदेशी याद्या वेगळंच चित्र दाखवतात. क्यूएस ही ब्रिटिश यादी जगभरच्या प्राध्यापकांच्या आणि कंपन्यांच्या मतावर बराच भर देते. त्यामुळे अमेरिकेत विसाच्या आत असणारं व्हँडरबिल्ट तिथे दोनशेच्या बाहेर जातं, आणि जॉर्जिया टेक त्याच्या खूप वर बसतं. शांघायची यादी नोबेल आणि नामांकित नियतकालिकांतले शोधनिबंध मोजते, शिकवणं नाही. परत येऊन मुंबई-बंगळूरला नोकरी करायची असेल तर क्यूएसवरचं नाव उपयोगी पडू शकतं. ह्यूस्टन किंवा शार्लटमध्ये राहायचं असेल तर त्या शहरातल्या कंपन्यांत कुठले माजी विद्यार्थी बसलेत ते महत्त्वाचं.

संशोधनाचा दर्जा पाहायला माझ्या मते दोन खुणा पुरतात. एक, अमेरिकी विद्यापीठांच्या कार्नेगी वर्गीकरणातला आर-वन हा संशोधनाचा सर्वात वरचा गट. २०२५पासून त्यासाठी वर्षाला किमान ५ कोटी डॉलर संशोधन खर्च आणि ७० संशोधन डॉक्टरेट लागतात. दुसरी, एएयू या संशोधन विद्यापीठांच्या निवडक संघटनेचं सदस्यत्व. यूव्हीए १९०४मध्ये सदस्य झालं, ए अँड एम २००१मध्ये, जॉर्जिया टेक २०१०मध्ये. अथेन्स अजून बाहेर आहे, आणि टेकवाले हे ऐकवायची संधी सोडत नाहीत.

पायरी ५: विभागापर्यंत उतरा

एमएस करणाऱ्याने एकूण क्रमांक जवळजवळ विसरावा. पण विभागाच्या यादीतही एक गोम आहे. यूएस न्यूजची संगणकशास्त्राची यादी पीएचडी विभागांची असते आणि निव्वळ मतांवर बनते. तुम्ही जाणार दीड-दोन वर्षांच्या कोर्सवर्कच्या एमएसला. त्यात वर्ग किती मोठे, प्रयोगशाळेत जागा मिळते का, असिस्टंटशिप (विभागात काम करून मिळणारी आर्थिक मदत) एमएसवाल्यांना देतात की पीएचडीवाल्यांनाच, हे यादीत नाही. शोधनिबंधांवर आधारलेल्या सीएसरँकिंग्जसारख्या साइटवर निदान आपल्या उपविषयात किती प्राध्यापक काम करतात ते दिसतं. मग त्या प्राध्यापकांची पानं उघडा. गेल्या दोन वर्षांत काही छापलंय का? की ते रजेवर किंवा निवृत्त आहेत?

नोकरी करणाऱ्यांसाठी इथेच एक आडवाट सांगून ठेवावीशी वाटते. जॉर्जिया टेकचं संगणकशास्त्रातलं ऑनलाइन एमएस २०१४मध्ये सुरू झालं आणि त्याचा एकूण खर्च सुमारे ७,००० डॉलर. पदवी तीच, विभाग तोच. विद्यार्थी व्हिसा मात्र त्यावर मिळत नाही, तेव्हा अमेरिकेत राहण्याचा हेतू असेल तर ती वाट आपली नव्हे.

पायरी ६: फी कोणाला किती, आणि दार कोणाला किती उघडं

सरकारी विद्यापीठात राज्यातल्या आणि बाहेरच्या विद्यार्थ्याची फी वेगळी. परदेशी विद्यार्थी बाहेरच्यांत. खाजगीत सगळ्यांना एकच दर. आता काही खास गोष्टी, ज्या क्रमांकापेक्षा जास्त फरक पाडतात.

टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठाची स्पर्धेतून मिळालेली किमान १,००० डॉलरची स्कॉलरशिप असेल तर राज्याबाहेरच्याला राज्यातल्या दराने फी लागू होऊ शकते. हजार डॉलर ही क्षुल्लक रक्कम वाटते, पण त्यामागून होणारी बचत कित्येक हजारांची. विभागाला थेट लिहून विचारा.

जॉर्जियात १९९३पासून होप स्कॉलरशिप आहे. लॉटरीच्या पैशातून राज्यातल्या चांगल्या गुणांच्या मुलांची फी भरली जाते. त्यामुळे हुशार मुलं राज्याबाहेर जायची थांबली आणि अथेन्स-टेक दोघांचे प्रवेशगुण चढत गेले. पण ती अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकासारख्यांनाच मिळते. एच-फोरवर, म्हणजे नोकरीच्या एच-वन व्हिसावरच्या पालकांमागून मिळणाऱ्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे दहावीतच लक्षात घ्यावं.

यूएनसीत पदवीच्या पहिल्या वर्षात राज्याबाहेरच्यांना १८ टक्क्यांची मर्यादा आहे. केरीच्या मुलीला आणि ठाण्याच्या मुलाला चॅपेल हिलचा प्रवेश सारखा कठीण नाही, छापलेला एकत्रित स्वीकृती दर दोघांनाही फसवतो. ऑस्टिनमध्ये टेक्सासच्या शाळांतल्या वरच्या मुलांना आपोआप प्रवेश मिळतो. ती रेघ २०२६च्या प्रवेशांसाठी ६ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. ए अँड एममध्ये ती १० टक्के आहे. आणि आपोआप प्रवेश म्हणजे विद्यापीठात प्रवेश, कॉम्प्युटर सायन्समध्ये नव्हे. फ्रिस्कोतल्या कित्येक घरांना हे उशिरा कळतं.

ड्यूक, राइस, व्हँडरबिल्ट, एमरी परदेशी पदवी-विद्यार्थ्यांना मोठी मदत देऊ शकतात, पण मदत मागितली की प्रवेशाचा निर्णय घेताना ती मोजली जाते.

पायरी ७: कच्चा माल स्वतः पाहा

विद्यापीठाचं नाव आणि "कॉमन डेटा सेट" असं शोधा. विद्यापीठं ठरावीक नमुन्यात आपले आकडे त्यात छापतात. बी विभागात किती विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला परत आले आणि किती पदवीधर झाले, सीमध्ये प्रवेश, एचमध्ये आर्थिक मदत (परदेशी विद्यार्थ्यांची रक्कम वेगळ्या ओळीत), आयमध्ये वर्गांचे आकार. यूएस न्यूजने वर्गांचा आकार मोजणं सोडलं, तुम्ही सोडायची गरज नाही. ही माहिती मुख्यतः पदवी अभ्यासक्रमांची असते. एमएससाठी विभागाकडे नोकऱ्यांचा अहवाल मागा आणि त्यात परदेशी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा आहे का ते बघा.

सरकारच्या कॉलेज स्कोअरकार्डवर विषयानुसार कमाई दिसते. तिथे जपून. ती फक्त सरकारी आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची असते, आणि आपली परदेशी मुलं त्यात येतच नाहीत. अलाबामा आणि ऑबर्नच्या सिव्हिलची तुलना करायला ती ठीक, भारतातून आलेल्याला काय पगार मिळेल ते सांगायला नाही.

आता एक तक्ता करा. आडव्या ओळींत विद्यापीठं, उभ्या रकान्यांत: हा विषय इथे आहे का, माझ्या उपविषयाचे किती प्राध्यापक, आपल्याला लागू होणारी वर्षाची फी, मदतीची शक्यता, आसपासच्या कंपन्या, मान्यता. क्रमांकाचा रकाना शेवटचा ठेवा आणि बाकीचे भरून होईपर्यंत तो रिकामा राहू द्या. घरच्यांना दाखवताना हाच रकाना आधी विचारला जाईल, याची तयारी ठेवा.

पायरी ८: उत्तरं आल्यावर

पदवीसाठी बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवून डिपॉझिट भरायचं असतं. एमएस-पीएचडीसाठी १५ एप्रिलची तारीख प्रचलित आहे: बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरला त्याआधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर टाकता येत नाही. मदतीविना आलेल्या साध्या ॲडमिटला हा ठराव लागू नाही. तिथे डिपॉझिटची तारीख विभाग सांगेल ती. एनसी स्टेटची असिस्टंटशिप हातात आहे आणि ड्यूकचं उत्तर यायचं आहे, अशा वेळी एनसी स्टेटच्या पत्रात या ठरावाचा उल्लेख आहे का ते आधी पाहा, आणि नसेल तर मुदत वाढवून मिळेल का असं विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला मार्चमध्येच लिहा.